मुदत संपल्यावर कोण विचारणार?

१५ जानेवारी २०२६ ला नेरुळमधल्या एका शाळेत मतदानाच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे आमच्याच इमारतीतली एक मुलगी होती. नवी मुंबई महापालिकेची याआधीची निवडणूक झाली ती एप्रिल २०१५ मध्ये. तेव्हा ती सहावीतून सातवीत जात होती. आईबरोबर याच शाळेत आली होती आणि घरी येईपर्यंत आईच्या बोटावरची शाई पुसून बघत होती. आता ती महापे एमआयडीसीत नोकरी करते. लोकसभेला तिने मत दिलं, विधानसभेला दिलं. पण पाणी, कचरा, रस्त्यावरचे दिवे ज्यांनी बघायचे त्या नगरसेवकासाठी पहिलं मत द्यायला तिला तेविशी गाठावी लागली. या वेळी पहिल्यांदाच पॅनल पद्धत, म्हणजे एका प्रभागातून चार नगरसेवक, त्यामुळे एकामागोमाग चार बटणं दाबायची होती. शेवटचं दाबल्यावर यंत्राचा लांब आवाज झाला, ती बाहेर आली आणि माझ्यासाठी थांबली. जिना उतरताना म्हणाली, "काका, इतकी वर्षं निवडणूकच नाही, तर कोणी विचारलं कसं नाही?"

हा प्रश्न मनात घेऊन गेले काही दिवस मी वाचतोय, आणि वाचता वाचता पार पश्चिम आफ्रिकेपर्यंत जाऊन आलोय. कारण "मुदत संपल्यावर कोण विचारणार" हा प्रश्न तिथल्या शेजारी देशांनी एकमेकांना लेखी विचारून ठेवलेला आहे.

आपल्याकडे या करारांची चर्चा फारशी होत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. एकाच भागातले देश एकत्र येऊन लिहून देतात की आमच्यापैकी कुठे निवडून आलेलं सरकार घटनाबाह्य मार्गाने पाडलं गेलं, तर त्या नव्या सत्तेला आम्ही आमच्या पंगतीत बसवणार नाही. दक्षिण अमेरिकेतल्या मर्कोसुर गटाने १९९८ मध्ये उशुआइया इथे असा करार केला. दोन्ही अमेरिका खंडांतल्या देशांची लोकशाही सनद लिमा शहरात मंजूर झाली, तो दिवस होता ११ सप्टेंबर २००१; न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले तोच. पश्चिम आफ्रिकेच्या 'इकोवास' या गटाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्वतःचा करार केला. आफ्रिकी संघाची सनद २००७ ची, अमलात आली २०१२ मध्ये. आणि हो, दक्षिण आशियातल्या देशांच्या आपल्या सार्क संघटनेचीसुद्धा एक लोकशाही सनद आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये थिंफूला परराष्ट्रमंत्र्यांनी ती स्वीकारली. तिच्याकडे पुढे येतोच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. असे करार बाहेरून लोकशाही आणून देत नाहीत. घरातली माणसं आधीच उठून उभी राहिली असतील तर त्यांना टेकायला भिंत मिळते, एवढंच. पण तेवढ्याने राजवटी हलल्या आहेत. आणि जिथे हे करार फसले, तिथे बहुतेक वेळा एकाच कारणाने फसले: दारात उभा असलेला सैनिक त्यांना दिसतो, पण मुदत संपूनही खुर्चीतून न उठणारा माणूस दिसत नाही. तो दिसावा अशी तरतूद करारांत घालणं, हे दक्षिण आशियाचं, आणि त्यात भारताचं, काम आहे.

गांबियाची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. सेनेगलने तीन बाजूंनी वेढलेला, नदीकाठाने पसरलेला चिंचोळा देश. तिथे मतदान काचेच्या गोटीने करत. प्रत्येक उमेदवाराचा वेगळ्या रंगाचा, त्याचा फोटो लावलेला पत्र्याचा पिंप. मतदाराने आपल्या पसंतीच्या पिंपात गोटी टाकली की आत लावलेली घंटी वाजते. एकदाच वाजली पाहिजे. दुसऱ्यांदा वाजली तर बाहेरच्या कर्मचाऱ्याला कळतं की काहीतरी गडबड आहे. साक्षर-निरक्षर सगळ्यांना सारखी कळणारी पद्धत. याह्या जामे हा माणूस १९९४ मध्ये बंड करून सत्तेवर आलेला, बावीस वर्षं हललेला नव्हता. १ डिसेंबर २०१६ ला लोकांनी गोट्या टाकल्या आणि अदामा बॅरो निवडून आले. जामेने टीव्हीवर पराभव मान्य केला, आणि आठवड्याभरात शब्द फिरवला. पुढे आणीबाणी पुकारली, संसदेकडून स्वतःची मुदत नव्वद दिवसांनी वाढवून घेतली.

मग दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. देशातल्या वकिलांनी, शिक्षकांनी, विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी उघडपणे सांगितलं की तुम्ही हरला आहात, आता जा. "गांबियाने निर्णय दिला आहे" असं छापलेले टी-शर्ट लोक घालू लागले, आणि ते घालणं धोक्याचं होतं. मंत्री एकेक करून राजीनामे देऊ लागले. दुसरीकडे इकोवासने आपला करार पुढे केला. शेजारचे राष्ट्राध्यक्ष समजूत काढायला येऊन गेले; समजूत पटेना तेव्हा सेनेगलच्या हद्दीवर फौजा उभ्या राहिल्या. १९ जानेवारी २०१७ ला बॅरो यांनी सेनेगलच्या राजधानीत, डकारमधल्या गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली. दोन दिवसांनी जामे विमानात बसून देशाबाहेर गेला.

यातला कुठला भाग आधी आणि कुठला नंतर, याला महत्त्व आहे. घंटी आधी वाजली होती. शेजाऱ्यांनी आपला माणूस बसवला नाही, लोकांनी बसवलेल्या माणसाला आत जाऊ दिलं.

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात २०२३ मध्ये असंच, पण एकही बंदूक न उगारता झालं. ऑगस्टमध्ये बेर्नार्दो आरेवालो राष्ट्राध्यक्षपदी मोठ्या फरकाने निवडून आले. सरकारी वकिलांच्या खात्याने त्यांच्या पक्षाची मान्यता रद्द करण्याचा घाट घातला, निवडणूक आयोगाच्या कचेरीत घुसून मतमोजणीचे मूळ कागद उचलून नेले. २ ऑक्टोबरपासून तोतोनिकापान आणि इतर भागांतले आदिवासी पंच आपल्या काठ्या घेऊन रस्त्यावर आले. त्यांच्या परंपरेत ती काठी म्हणजे गावाने दिलेला अधिकार. राजधानीत त्या खात्याच्या दारासमोर त्यांनी चुली मांडल्या आणि शंभराहून अधिक दिवस ते उठले नाहीत. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने लिमाच्या सनदेचा आधार घेत ठराव केले, शिष्टमंडळं पाठवली. कटात सामील असणाऱ्यांचे व्हिसा अमेरिकेने रद्द केले. १४ जानेवारी २०२४ ला शपथविधी होता. संसदेने दिवसभर टाळाटाळ केली. शहरात जमलेल्या परदेशी पाहुण्यांनी आणि संघटनेच्या सरचिटणीसांनी एकत्र उभं राहून निवेदन वाचलं की लोकांच्या मताप्रमाणे सत्ता द्या. मध्यरात्र उलटल्यावर आरेवालो यांनी शपथ घेतली. त्या निवेदनाचं वजन सनदेतून आलं, पण चुलीचा धूर शंभर दिवस नसता तर ते वाचायला तिथे कोणी थांबलं असतं असं मला वाटत नाही.

आता उलट बाजू. जामेला घालवणारी तीच इकोवास २०२३ मध्ये नायजरमध्ये तोंडघशी पडली. २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष बझूम यांना त्यांच्याच अंगरक्षक दलाने कोंडलं. इकोवासने एका आठवड्याची मुदत दिली, लष्करी कारवाईची धमकी दिली, सीमा बंद केल्या, बँकव्यवहार थांबवले; नायजेरियाने वीज तोडली. नायजरची बरीचशी वीज नायजेरियातून येत होती, म्हणजे अंधार झाला तो राजधानीतल्या घराघरात, दवाखान्यांत. बेनिनच्या सीमेवर धान्याचे ट्रक अडकून पडले. आणि लोक? राजधानी नियामेच्या स्टेडियममध्ये ते लष्कराच्या बाजूने घोषणा देत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बहुतेक निर्बंध मागे घ्यावे लागले, बझूम सुटले नाहीत. त्याआधीच माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी इकोवास सोडत असल्याचं जाहीर केलं होतं; २९ जानेवारी २०२५ ला ते रीतसर बाहेर पडले.

लोक असे का वागले? मला वाटतं याचं उत्तर नायजरमध्ये कमी आणि गिनीत जास्त सापडतं. गिनीचे अध्यक्ष आल्फा कोंदे यांना दोनच कार्यकाळ मिळणार होते. त्यांनी मार्च २०२० मध्ये घटना बदलून घेतली आणि ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा उभे राहून निवडून आले. विरोध करणारी माणसं रस्त्यावर मारली गेली. इकोवासने एकही निर्बंध लादला नाही. ५ सप्टेंबर २०२१ ला लष्कराने कोंदे यांना उचललं, आणि तीन दिवसांत गिनी निलंबित! गावात एखादा पंच वर्षानुवर्षं सामायिक बांध कोरत असताना भावकी गप्प बसली, आणि त्याच्या घरी चोरी झाली त्या रात्री सगळी भावकी कंदील घेऊन धावली, तर गाव काय म्हणेल? पश्चिम आफ्रिकेतले लोक तेच म्हणाले: हा राष्ट्राध्यक्षांचा एकमेकांना सांभाळण्याचा संघ आहे. २०१५ मध्ये इकोवासच्या अक्रा इथल्या बैठकीत दोनच कार्यकाळांची मर्यादा सगळ्या देशांवर घालायचा प्रस्ताव आला होता. तो बारगळला तो टोगो आणि गांबियाच्या विरोधामुळे. त्या वेळचा गांबिया म्हणजे जामेच.

युरोपातही हीच अडचण वेगळ्या वेषात आहे. पोलंड आणि हंगेरीवर युरोपीय संघाने कारवाई सुरू केली, पण मतदानाचा हक्क काढायचा तर बाकी सगळ्यांचं एकमत लागतं, आणि हे दोघे एकमेकांना वाचवत राहिले. खरा परिणाम झाला तो निधी रोखल्यावर. दक्षिण अमेरिकेत २०१२ मध्ये पॅराग्वेच्या अध्यक्षांना एका दिवसात महाभियोगाने काढलं म्हणून मर्कोसुरने पॅराग्वेला निलंबित केलं, आणि ज्या व्हेनेझुएलाच्या प्रवेशाला पॅराग्वेची संसद अडवून बसली होती त्याला त्याच बैठकीत आत घेतलं. तत्त्वाच्या आड सोय लपली की तत्त्वाची किंमत जाते, आणि ती परत मिळवायला फार वर्षं लागतात.

आता आपली सनद. थिंफूच्या कागदात चांगली वाक्यं आहेत. निवडून आलेल्या सरकारचा घटनाबाह्य पाडाव निःसंदिग्धपणे नाकारण्याची ग्वाही आहे. मुक्त आणि विश्वासार्ह निवडणुकांबरोबरच निवडून आलेली कायदेमंडळं आणि स्थानिक संस्था यांचाही त्यात उल्लेख आहे. स्थानिक संस्था! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. पण पुढची पायरी लिहिलेलीच नाही. बैठक कोणी बोलवायची, किती दिवसांत बोलवायची, निलंबन करायचं की नाही, यावर एक ओळ नाही. शिवाय सार्कच्या मूळ सनदेप्रमाणे प्रत्येक निर्णय एकमताने आणि द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेबाहेर.

सनद होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा पहिली परीक्षा आली. नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवमध्ये अद्दू इथे सार्कची शिखर परिषद झाली, यजमान होते राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद. तीनच महिन्यांनी, ७ फेब्रुवारी २०१२ ला, त्यांनी राजीनामा दिला आणि तो आपल्याकडून जबरदस्तीने घेतला गेला असं सांगितलं. चौकशी आयोगाने पुढे त्यांचा दावा मान्य केला नाही. तो बरोबर होता की चूक हे बाजूला ठेवू. मुद्दा असा की त्या आयोगाची रचना बदलायला लावण्यापर्यंत पाठपुरावा केला तो राष्ट्रकुलाने. ज्या सार्कचे हे यजमान, तिच्याकडे त्यासाठी यंत्रणाच नव्हती. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर तर सार्कचे नेते शिखर परिषदेला एकत्र बसलेलेच नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडू पेटलं तेव्हा आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन, नेपाळच्या अछाम जिल्ह्यातला, गेटवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मोबाइलवर तिथलं मंत्रालय, सिंहदरबार, जळताना बघत होता. ओलीचं सरकार गेलं, सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या, ५ मार्च २०२६ ही मतदानाची तारीख जाहीर झाली. मी त्याला विचारलं, जाणार का मतदानाला? तो म्हणाला, "साब, उधर जाके वोट डालूँ तो इधर नौकरी कौन रखेगा?" ठाणे-नवी मुंबईतल्या किती इमारतींच्या गेटवर हाच प्रश्न बसलेला आहे! शेजारच्या देशाची लोकशाही ही आपल्यासाठी परराष्ट्र खात्याची फाइल नाही, ती रात्री आपलं गेट उघडते.

नेपाळबाबत भारताने एकदा ठाम भूमिका घेतली होती, तीही सनद नसताना. १ फेब्रुवारी २००५ ला राजे ग्यानेंद्र यांनी सगळी सत्ता हातात घेतली. भारताने त्याच महिन्यातल्या सार्कच्या ढाका परिषदेला जायला नकार दिला, परिषद पुढे ढकलली गेली. पण नोव्हेंबरमध्ये ती झाली तेव्हा ग्यानेंद्र तिथे सन्मानाने बसले होते. राजसत्ता झुकली ती एप्रिल २००६ मध्ये, एकोणीस दिवस नेपाळी माणसं कर्फ्यू मोडून रस्त्यावर राहिली म्हणून.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. भारतासारख्या मोठ्या देशाच्या हातात असा करार दिला तर तो शेजाऱ्यांवर उगारायची काठी होईल. २०१५ मध्ये सीमेवर ट्रक थांबले, नेपाळमध्ये गॅस सिलिंडर मिळेनासे झाले. नाकाबंदी आपण केली नाही असं भारताने सांगितलं, पण चूल बंद पडलेल्या घराने ते ऐकून घेतलं नाही. म्हणूनच मला वाटतं दक्षिण आशियाच्या करारात वीज, धान्य, औषध, इंधन यांना हात लावायचा नाही असं पहिल्याच कलमात असावं. रोखायचे ते सत्ता बळकावणाऱ्यांचे व्हिसा, खाती आणि खुर्च्या. आणि दुसरं: करार भारतालाही तितकाच लागू हवा.

इथे मी नेरुळच्या जिन्यावर परत येतो. आणीबाणीत आपल्याकडे लोकसभेची मुदत दोनदा एकेक वर्षाने वाढवली गेली. ते आपल्याला पुस्तकात शिकवतात. पण नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं. ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली, तिथेही मतदान त्याच दिवशी. दरम्यानच्या काळात नवी मुंबईच्या १११ आणि ठाण्याच्या १३१ लोकप्रतिनिधींचं काम एकेक प्रशासक करत होता. अंदाजपत्रक मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. कोणीही रणगाडा आणला नाही. आधी कोरोना होता, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न आला, मग प्रभागरचना बदलली, ती पुन्हा बदलली. यातलं आरक्षणाचं कारण तर अगदी न्याय्य होतं. पण सुटी सुटी पटणारी कारणं जोडत गेल्यावर बेरीज साडेपाच वर्षांहून जास्त झाली.

त्या काळात आमच्या गल्लीतली ड्रेनेज लाइन दर पावसाळ्यात चोकअप व्हायची. पूर्वी सकाळी नगरसेवकाला फोन गेला की दुपारी गाडी यायची, नाही आली तर संध्याकाळी त्याच्या दारात माणसं जमायची. नंतर आम्ही अर्ज घेऊन एका कार्यालयात जायचो, आवकचा शिक्का मारून घ्यायचो, "साहेब साइटवर आहेत" हे ऐकून परत यायचो. माझ्याकडे असे शिक्के मारलेले अकरा कागद आहेत. तिथली माणसं वाईट नव्हती. त्यांना आमचं मत लागत नव्हतं.

कोणी म्हणेल, संविधान आहे की. आहेच. अनुच्छेद २४३ यू सांगतो की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. किशनसिंग तोमर खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. तरी मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं, आणि मग ती मुदतही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावी लागली. मग घरचा कायदा जिथे पुरला नाही तिथे शेजाऱ्यांसमोर दिलेला शब्द काय करणार?

करतो, दोन मार्गांनी. एक न्यायालयाचा. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या जागेवरच्या लैंगिक छळाबाबत नियम घालून दिले, कारण भारताने त्या कराराला रीतसर मान्यता दिलेली होती. आफ्रिकेत २०१६ मध्ये आयव्हरी कोस्टच्या एका संघटनेने आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयात जाऊन आपल्या देशाचा निवडणूक आयोग निःपक्षपाती नाही हे सिद्ध केलं, तेही लोकशाही सनदेच्या आधारावर. थिंफूचा कागद मंत्र्यांचं निवेदन म्हणून न राहता रीतसर मान्य केलेला करार असता, आणि त्यात इकोवासच्या करारातल्यासारखं एक वाक्य असतं की प्रत्येक निवडणूक घटनेने ठरवलेल्या मुदतीतच होईल, तर ठाण्यातल्या एखाद्या वकिलाच्या याचिकेत आणखी एक भक्कम परिच्छेद असता.

दुसरा मार्ग अहवालाचा. आफ्रिकी सनदेत दर दोन वर्षांनी प्रत्येक देशाने आपण काय केलं याचा अहवाल द्यायचा आहे. दक्षिण आशियाने हेच घ्यावं, आणि त्यात स्थानिक संस्थांसाठी एक तक्ता ठेवावा: संस्थेचं नाव, मुदत कधी संपली, पुढची निवडणूक कधी, तोवर कारभार कोणाकडे. हे परक्यांसमोर मान खाली घालायला म्हणून सांगत नाही. तक्ता भरायला बसलेल्या मंत्रालयातल्या कारकुनाला तारीख लिहावीच लागते, "प्रक्रिया सुरू आहे" असं त्या रकान्यात बसत नाही. एकदा तारीख लिहिली की पत्रकार ती मागू शकतो, विरोधी पक्ष सभागृहात वाचू शकतो. भारताने स्वतःचा तक्ता आधी भरून दिला तर ढाक्याला किंवा मालेला विचारताना कोणी आपल्याला मोठ्या भावाची दादागिरी म्हणणार नाही.

सार्क झोपलेली असताना हे व्हायचं कसं, हे मलाही जड वाटतं. पण तक्ता भरायला शिखर परिषद लागत नाही. महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग तो उद्यापासून आपल्या संकेतस्थळावर लावू शकतो. २०२२ साली तो असता तर नवी मुंबईच्या ओळीत शेवटचा रकाना "कारभार कोणाकडे" असा असता आणि त्यात "प्रशासक" लिहिलेलं असतं. २०२४ साली पुन्हा तेच. आमच्या इमारतीतल्या मुलीने तो मोबाइलवर उघडला असता, तेव्हा ती कॉलेजात होती.